2,686 अक्षरांची कडी

शेजारच्या मुलीच्या लॅपटॉपवर रंगीत वर्तुळ दिसलं. मला वाटलं, पुण्याचा रिंग रोड. तोही कागदावर कधीचाच पुरा आहे. ती हसली. "काका, प्लाझ्मिड आहे. पीयूसी19. 2,686 अक्षरजोड्या." मी खुर्ची ओढून बसलो.

खडकवासल्याच्या चौपाटीवरून भाजक्या कणसांचा वास गॅलरीत येत होता. पाषाणला पीएचडी करणारी ही पोर सुट्टीतही जिवाणूंमधल्या डीएनएच्या त्या कडीत डोकं घालून बसलेली. कडीवरचे बाण म्हणजे जनुकं. एक बाण ॲम्पिसिलिनला दाद न देणाऱ्या जनुकाचा. बाहेर काढलेल्या रेघांवर एन्झाइमांची नावं. इकोआरवन जीएएटीटीसी ही सहा अक्षरं दिसली की कापतं, आणि 2,686 मध्ये ती एकदाच येतात. तिथे कापायचं, हवं ते जनुक बसवायचं. पडद्यावर दोन क्लिकचं काम.

बसलं, पण बाण उलटा! दोन्ही टोकं एकाच एन्झाइमने कापली की तुकडा कसाही बसतो. तिने एका टोकाला हिंदथ्री घेतलं, बाण सुलट झाला. मग ती अक्षरं तीन-तीन करून बोटाने मोजू लागली. एक अक्षर सरकलं तरी तिथून पुढचं प्रथिन बिघडतं.

"हे सॉफ्टवेअर सांगत नाही?"

"सांगतं ना. पण फाइलच चुकीची असेल तर?"

बाहेरून आलेल्या एका नकाशावर विसंबून तिचे तीन महिने गेले होते. नळीत निघालं भलतंच. पीबीआर322 या जुन्या, नावाजलेल्या प्लाझ्मिडचीही तीच तऱ्हा: 1979 साली 4,362 जोड्या छापल्या, आज 4,361 मानतात.

सॉफ्टवेअरांत स्नॅपजीन देखणं, पण पुरं हवं तर पैसे मोजा. ती वापरते ते युटा विद्यापीठातल्या वेन डेव्हिस यांचं फुकटचं 'एप'. दिसायला जुनाट, मला तेच आवडलं.

मी तिला इथल्या सीडब्ल्यूपीआरएस या जलसंशोधन केंद्राबद्दल सांगितलं. तिथे धरणाची छोटी प्रतिकृती बांधून तिच्यावर खरं पाणी सोडून बघतात.

"आमचं पाणी म्हणजे सिक्वेन्सिंग," ती म्हणाली. "नळीतलं वाचून येईल तेव्हा खरं."

मी कणसं घेऊन परत आलो, तरी तिचं बोट पडद्यावरच होतं. पुन्हा पहिल्या तीन अक्षरांपासून.