धाक, दरारा आणि वीस बाजूंचा फासा

माणसाला आकड्यांत बसवण्याचे काम मी बँकेत तीसेक वर्षे केले. मार्च संपला की हाताखालच्या मंडळींचे गोपनीय अहवाल भरायचे. कामाचा उरक, सचोटी, ग्राहकांशी वागणूक आणि सगळ्यात शेवटी 'व्यक्तिमत्त्व'. या रकान्यापाशी पेन हमखास थांबायचे. व्यक्तिमत्त्वाला दहापैकी किती द्यायचे, आणि कशाबद्दल? त्यामुळे आमच्या घरी रविवारी नातीची मित्रमंडळी जो खेळ मांडतात त्यात प्रत्येक माणसाचे सहा आकडे असतात, आणि त्यांतला एक व्यक्तिमत्त्वाचा असतो, हे कळल्यावर मीही खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसलो.

खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनीव्हा नावाच्या छोट्या गावातून प्रसिद्ध झाला. पट असलाच पाहिजे असे नाही, आणि शेवटी कुणी जिंकत-हरत नाही. एकाने सूत्रधार व्हायचे, बाकीच्यांनी एकेक पात्र. सूत्रधार प्रसंग सांगतो, 'तू काय करतोस?' असे विचारतो, आणि ते जमले की नाही याचा निकाल वीस बाजूंचा फासा देतो. पात्राचे सहा गुण असे: ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि करिष्मा. मुळात तीन फासे टाकून हे आकडे काढत, म्हणून ते ३ ते १८.

माझी नात पंधरा वर्षांची. वर्गात हात वर न करणारी, दुकानदाराकडून उरलेले पैसे मागायलाही आईला पुढे करणारी. खेळात मात्र तिने घेतला आहे एक रानटी योद्धा. पाठीवर कुऱ्हाड, ताकद १८, करिष्मा ८. एका रविवारी त्यांनी एक दरोडेखोर पकडला. टोळीचा अड्डा कुठे आहे ते त्याच्याकडून काढायचे होते. "मी त्याला दम देते," ती म्हणाली. सूत्रधार तिच्याच वर्गातला मुलगा. त्याने नियमाप्रमाणे करिष्म्यावर फासा टाकायला सांगितले. गाठायचा आकडा १५. फासा पडला १२. करिष्मा ८ म्हणून त्यातून १ वजा, राहिले ११. दरोडेखोर खो खो हसला. ताकद धरली असती तर १८ ला ४ जादा मिळतात. बेरीज १६ झाली असती आणि तो पोपटासारखा बोलला असता.

"आजोबा, तुम्हीच सांगा, कुऱ्हाड घेऊन उभ्या असलेल्या माणसाला कुणी हसेल का?"

प्रश्न रास्त होता. मी नियमपुस्तके मागवून घेतली. (परिपत्रक मुळातून वाचायची खोड निवृत्तीनंतरही जात नाही.) मूळच्या पुस्तिकांत दम देण्याचे असे वेगळे कौशल्यच नाही. करिष्मा होता, पण मुख्यतः आपल्यामागे किती भाडोत्री माणसे येतील आणि ती किती निष्ठेने राहतील, हे ठरवण्यासाठी. शत्रू घाबरायचा तो निराळ्याच कारणाने. १९८१ च्या सुटसुटीत आवृत्तीत तर स्वच्छ सांगितले आहे: टोळीतला पहिला गडी पडला, किंवा निम्मी टोळी आडवी झाली, की दोन फासे टाकून बाकीच्यांचे धैर्य टिकते का ते पाहायचे. तिथे ना दंड विचारात, ना जीभ. शेजारचा पडला, म्हणून भीती. लढाईत माणसे अशीच पळतात, हे आपल्याला पानिपतावरून ठाऊक आहे.

२००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत दम देणे हे स्वतंत्र कौशल्य झाले आणि ते करिष्म्याच्या खात्यावर चढले. करिष्मा म्हणजे इथे देखणेपणा नव्हे. त्यासाठी १९८५ मध्ये एका पुस्तकाने रूपाचा वेगळा, सातवा आकडाही देऊन पाहिला होता. करिष्मा म्हणजे समोरच्यावर आपली छाप, आपला अंमल बसवण्याची शक्ती. मग दम देणे तिथे शोभते, असे मला वाटले. कारण माझ्या डोळ्यांसमोर आमच्या शाखेतले दोघे आले.

एक होता दारावरचा बंदूकवाला. फौजेतून आलेला, छाती अशी की दरवाजा अर्धा झाकायचा. त्याला कुणी घाबरत नसे. पेन्शनरांच्या रांगेतल्या आजीबाई त्याच्या हातात पिशवी देऊन खुशाल भाजीला जात. दुसरा वसुलीकडचा कारकून. पन्नास किलोही भरला नसता. थकबाकीदाराच्या ओट्यावर जाऊन बसायचा, पाणी मागायचा, 'जामीनदार तुमचे साडूच ना?' एवढे विचारायचा आणि उठायचा. हप्ता दोन दिवसांत जमा. आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. मराठीने या गोष्टी किती नेमक्या वेगळ्या ठेवल्या आहेत पाहा. दम 'दिला' जातो, दहशत 'घातली' जाते, पण दरारा 'असतो'. माणूस गावाला गेला तरी त्याचा दरारा मागे राहतो. दंडाची ताकद मात्र दंड दिसतो तेवढ्यापुरतीच.

पण म्हणून नातीचे म्हणणे खोटे ठरत नाही. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत एक पर्यायी नियम आहे: सूत्रधाराला पटले तर कौशल्य दुसऱ्या गुणाशी जोडावे. उदाहरण दिले आहे ते नेमके तिचे. रानटी योद्धा बळाचे प्रदर्शन करून धाक घालत असेल, तर ताकद धरावी. २०२४ च्या सुधारित पुस्तकाने तर हे त्या पात्राच्या हक्कातच लिहून टाकले. तिसऱ्या पायरीवर पोचलेला हा योद्धा संतापाच्या भरात असेल तर ताकदीच्या जोरावर दम देऊ शकतो. 'पाथफाइंडर' नावाच्या याच घराण्यातल्या दुसऱ्या खेळात, २००९ पासून, एक खास हातोटी घेतली की दोन्ही आकडे मिळवता येत.

नातीचा मुद्दा आणखी खोल होता. "ताकद १८ आहे म्हणून मला खरोखर टेबल उचलून दाखवायला कुणी सांगत नाही," ती म्हणाली, "मग दम द्यायचा तर मी खरोखर चांगले बोलून का दाखवायचे?" एवढी लांब वाक्ये मी तिच्या तोंडून फार वेळा ऐकलेली नाहीत. सूत्रधार थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने विचारले, "बरं, काय करतेस?" ती बोलली नाही. पेन्सिल दोन्ही हातांत धरून कोठडीचा गज वाकवल्यासारखे केले. त्याने ताकद मान्य केली. फासा पडला ११, बेरीज १५. दरोडेखोराने अड्डा सांगितला.

२००३ च्या सुधारित तिसऱ्या आवृत्तीतला एक नियम मी मुलांना त्या दिवशी मुद्दाम वाचून दाखवला, कारण पाचवीत तो मला दिसला नाही. धमकावलेला माणूस तुमच्यासमोर असेपर्यंत मित्रासारखा वागतो, तुम्ही गेल्यावरही दहा मिनिटे ते तासभर. त्यानंतर त्याचे मन फिरते. साधा असेल तर तुटक होतो, तुटक असेल तर वैरी. आमच्या त्या कारकुनाने वसूल केलेल्या एका कर्जदाराने शेवटचा हप्ता भरला, पावती घेतली आणि आठवड्याभरात भावाभावजयांसकट घरातली सगळी खाती समोरच्या पतसंस्थेत नेली.

सूत्रधाराने नियम वहीत उतरवून घेतला. दरोडेखोराला मुलांनी तोवर सोडून दिले होते.