गुरु, शिष्य आणि प्रयोगशाळा

घरांतील मुलगा अगर मुलगी राहुरीच्या कृषि विद्यापीठांत संशोधनासाठीं निघाली, कीं 'मार्गदर्शकांचें मन राखून राहा,' एवढाच उपदेश वडीलधारी मंडळी करितात. तो खरा, पण अपुरा आहे.

कु. कमला भागवत १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेंत पहिल्या आल्या. बंगळूरच्या विज्ञानसंस्थेचे संचालक सर चंद्रशेखर रामन यांनीं केवळ स्त्री म्हणून त्यांस प्रवेश नाकारला. कमलाबाईंनीं समक्ष जाऊन कारण विचारलें. अखेर प्रवेश मिळाला, पण वर्षभर कसोटीवर राहण्याच्या अटीनें! अट अपमानाची होती. तरी ती पत्करून त्यांनीं श्रीनिवासय्या यांच्या हाताखालीं दूध व कडधान्यें यांतील प्रथिनांवर नेटानें काम केलें. रामन यांचें समाधान झालें, आणि इतर स्त्रियांसही संस्थेचें द्वार उघडलें. १९३९ मध्यें कमलाबाईंनीं केंब्रिजची पीएच. डी. मिळविली.

गुरूशीं मतभेद झाल्यास विद्यार्थ्यानें नम्रपणें, पण समक्ष विचारावें. प्रयोगांची रोजची नोंद चोख ठेवावी. म्हणजे वाद माणसाविषयीं न होतां कामाविषयीं होतो. आणि मुलांनीं घरीं तक्रार लिहिली, तर 'सोसा' म्हणण्यापूर्वीं वडिलांनीं ती शांतपणें पुरती ऐकून घ्यावी.