‘इंटरकूलर’ : एका यंत्रसंज्ञेचे आशयांतर

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला शब्दांच्या स्थलांतराचा विषय नवा नाही. मात्र आपला शोध बहुधा काव्यशास्त्रीय संज्ञांपाशी थांबतो. कारखान्यातून आणि गॅरेजमधून फिरणाऱ्या संज्ञांकडे आपले लक्ष क्वचितच जाते. प्रस्तुत लेखात अशा एका संज्ञेचा विचार केला आहे. तिची निवड करण्यामागे फरीदाबादमधील माझ्या वास्तव्यातला एक प्रसंग आहे.

शेजारच्या गृहस्थांनी सुपरचार्जर असलेली एक जुनी पेट्रोल मोटार विकत घेतली होती. मे महिन्यात, दुपारी पारा पंचेचाळिशीला टेकला की ती मथुरा रस्त्यावरचा उड्डाणपूल चढताना धापा टाकी आणि इंजिनातून खडखड ऐकू येई. गाडीबरोबर आलेल्या सेवा-पुस्तिकेच्या हिंदी अनुवादात ‘शीतक स्वच्छ ठेवावा’ असे वाक्य होते. मिस्त्रींनी रेडिएटर धुतला, त्यातले पाणी बदलले. दोष तसाच राहिला. पुस्तिकेला अभिप्रेत असलेला शीतक वेगळा होता. रेडिएटर, त्याच्यात फिरणारा द्रव आणि हवा निववणारा इंटरकूलर या तिन्हींसाठी अनुवादकाने एकच शब्द वापरला होता. पुढे महिन्याभरात एक पिस्टन जळाला आणि गृहस्थांची बरीच रक्कम गेली.

हे का घडले ते समजण्यासाठी थोडे यंत्रशास्त्र पाहणे आवश्यक आहे. सुपरचार्जर हा इंजिनाच्याच फिरत्या दांड्यावरून पट्ट्याने चालणारा हवेचा पंप होय. टर्बोचार्जरही हेच काम करतो, पण त्याला गती मिळते ती बाहेर पडणाऱ्या धुराच्या वेगाने. अधिक हवा आत गेली की अधिक इंधन जाळता येते, ही दोन्हींमागची कल्पना. परंतु हवा दाबली की ती तापते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे टोक हाताला चटका देते, तोच हा अनुभव. बाहेर 45 अंश सेल्सिअस तापमान असताना हवेचा दाब 1.6 पट केला आणि पंपाची कार्यक्षमता सुमारे 60 टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा 120 अंशांच्या आसपास पोहोचते. तापलेली हवा विरळ असते. म्हणून दाब 1.6 पट होऊनही घनता जेमतेम 1.3 पट होते. कमावलेल्यापैकी जवळजवळ निम्मे उष्णताच गिळते. पेट्रोल इंजिनात याहून मोठा धोका असतो. तप्त मिश्रण ठिणगीच्या ज्योतीची वाट न पाहता स्वतःच पेट घेते. शेजारच्या गाडीतली खडखड तीच होती.

यावर उपाय म्हणजे पंप आणि इंजिन यांच्यामध्ये बारीक पापुद्र्यांची एक जाळीदार पेटी बसवणे. समोरून येणारा वारा त्या पेटीतून आरपार जातो आणि आतील हवेची उष्णता घेऊन जातो. पेटीने तापमानवाढीचा तीन-चतुर्थांश भाग काढून घेतला, तर 120 अंशांची हवा सुमारे 64 अंशांवर येते आणि घनता 1.5 पटीपर्यंत चढते. अर्थात वाराच नसेल तर हे गणित कोसळते. बदरपूरच्या कोंडीत अडकलेल्या गाडीची पेटी निवण्याऐवजी इंजिनाच्या झळीने तापत राहते. आणि राजस्थानकडून येणारी धूळ पापुद्र्यांत बसली की मोकळ्या रस्त्यावरही तेच होते. जानेवारीत पहाटे पाच अंश तापमानात हीच गाडी तरुण झाल्यासारखी पळे, याचे गृहस्थांना मोठे कोडे पडले होते. वस्तुतः थंडीतली हवाच उन्हाळ्यातल्या हवेपेक्षा सुमारे 14 टक्के दाट असते.

आता संज्ञेकडे वळू. पेटी बसते ती पंपाच्या नंतर. मग तिच्या नावात ‘मध्ये’ या अर्थाचे ‘इंटर’ कोठून आले? हवा टप्प्याटप्प्याने दाबणाऱ्या यंत्रांत पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याच्या मध्ये ती निववीत, तेथून. 1942 मध्ये स्पिटफायर विमानाच्या नवव्या आवृत्तीत आलेल्या रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनात दोन टप्प्यांचा सुपरचार्जर होता, आणि दाबलेली हवा द्रवाच्या साहाय्याने निववण्याची सोय त्यात केली होती. तेथे ‘मध्ये’ला अर्थ होता. मोटारीत टप्पा बहुधा एकच राहिला, पण नाव टिकले. इंग्रजीत ‘आफ्टरकूलर’ हा अधिक काटेकोर शब्द उपलब्ध असूनही मोटारींच्या व्यवहारात तो मागे पडला. पुण्यात घडलेल्या ट्रकांवर आणि मोटारींवर ‘टीसीआयसी’ ही अक्षरे झळकली, तीही ‘टर्बोचार्ज्ड इंटरकूल्ड’ याच शब्दांची.

अनुवादकासमोरचा पेच येथे सुरू होतो. ‘आंतरशीतक’ हा शब्द व्युत्पत्तीला प्रामाणिक, पण मूळची चूक तो संस्कृतच्या प्रतिष्ठेसह पुढे नेतो. शिवाय ‘आंतर’ म्हणजे ‘आतला’ असे वाचून कोणी इंजिनाच्या पोटात तो शोधू लागेल. ‘उत्तरशीतक’ स्थानदृष्ट्या अचूक, परंतु मराठी वाचकाला त्यात दिशा दिसेल किंवा जबाब. आणि नुसता ‘शीतक’ काय करतो ते वर पाहिलेच. दाते-कर्वे यांच्या 1948 च्या ‘शास्त्रीय परिभाषा कोशा’पासून आपली परिभाषानिर्मिती मूळ शब्दाच्या अवयवांना प्रतिशब्द देण्याकडे झुकलेली आहे, असे मला वाटते. वस्तू काय करते, हे विचारण्याची सवय कारागिरांत आहे, ती कोशकारांत कमी आढळते.

मला स्वतःला ‘हवानिववणी’ हा शब्द सुचतो. ‘निववणे’ हे क्रियापद घरातले आहे: ताटातला भात निववतात, कपातला चहा निववतात. त्यात गोठवण्याचा भाव नाही, तापलेले सोसण्याजोगे करण्याचा आहे, आणि ही पेटी नेमके तेवढेच करते. बाहेरच्या हवेपेक्षा थंड हवा ती देऊ शकत नाही. विद्वानांना हा शब्द घरगुती वाटेल, याची मला कल्पना आहे.

दुसऱ्या उन्हाळ्यात त्याच मिस्त्रींनी पुढची जाळी उघडून पेटी काढली. पापुद्र्यांत बोटभर माती, पिसे आणि एक वाळलेला टोळ होता. साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून ती परत बसवताना मी त्यांना तिचे नाव विचारले. ते म्हणाले, ‘हवा की जाली’.