हातावर पोट असेल, तर हात जपा
तासन्‌तास संगणकावर काम करणाऱ्यांसाठी बिनतारी माऊस कसा निवडावा?

गिरणी, गोदी आणि बिगारीच्या कामात ज्यांचे हात झिजले, त्यांच्या घरातली मुले-मुली आज सेवा केंद्रात ऑनलाइन अर्ज भरतात, डेटा एन्ट्री करतात, डीटीपीची पाने लावतात, दवाखान्यात बिले काढतात. काम सावलीतले आणि खुर्चीतले. म्हणून घरच्यांना वाटते, यात कसले आले श्रम? पण दिवसाचे आठ-दहा तास हात एकाच अवस्थेत राहतो आणि एकच बोट हजारो वेळा दाबले जाते. हळूहळू मनगट दुखते, खांदा भरून येतो, बोटांना मुंग्या येतात. हात थांबला की मिळकत थांबली. म्हणून माऊस घेताना रंग आणि किंमत पाहण्याआधी आपला हात पाहावा.

माऊसचा पहिला नमुना १९६४ साली अमेरिकेत डग्लस एंगलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी तयार केला. खाली दोन चाके असलेली ती लाकडी डबी होती. दिवसभर धरण्यासाठी ती घडवलेली नव्हती. आज मात्र निवड करायला भरपूर वाव आहे.

हाताचे माप घ्या

मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पट्टीने मोजा. साधारण १७ सेंटिमीटरपर्यंतचा हात लहान, १७ ते १९ मध्यम आणि त्यापुढचा मोठा समजावा. लहान माऊस मोठ्या हातात आला की बोटे आखडतात. मोठा माऊस लहान हातात आला की बोटे ताणली जातात. लॅपटॉपसोबत नेण्यासाठी केलेले चपटे, चिमुकले माऊस तासाभराच्या कामाला ठीक आहेत, दिवसभराच्या नव्हे. तळहाताला खालून आधार मिळेल असा उंचवटा असावा. दुकानात डबी बघून विकत घेऊ नका. माऊस हातात धरून दोन मिनिटे फिरवून पाहा.

उभा माऊस घ्यावा का?

साधा माऊस धरताना तळहात जमिनीकडे वळतो आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा हात पिळला जातो. उभ्या माऊसवर हात हस्तांदोलन केल्यासारखा राहतो, त्यामुळे हा पीळ कमी होतो. लॉजिटेकचा ‘लिफ्ट’ हा २०२२ साली आलेला माऊस ५७ अंशांत तिरपा असून लहान व मध्यम हातांसाठी आहे. तो डावखुऱ्यांसाठीही मिळतो. सवय व्हायला काही दिवस लागतात.

मात्र असा माऊस म्हणजे औषध नव्हे. मनगटातील नस दबण्याचा आजार असलेल्या रुग्णांवरील एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. उभ्या माऊसने मनगटाची ठेवण बदलली, पण नसेवरचा दाब कमी झाला नाही, असे त्यात आढळले. तेव्हा दुखणे बरे होईल या आशेवर कर्ज काढून काही हजारांचा माऊस घेऊ नये. साध्या पण हाताच्या मापाच्या माऊसवरही काम नीट होते.

बिनतारी घेताना

वायर नसल्याने माऊस हवा तिथे, अंगाजवळ ठेवता येतो. हा मोठा फायदा. ब्लूटूथचा माऊस घेण्यापूर्वी आपल्या संगणकात ब्लूटूथ आहे का, ते पाहा. जुन्या डेस्कटॉपला बहुधा ते नसते. तिथे छोट्या रिसीव्हरचा माऊस घ्यावा. हा रिसीव्हर हरवला तर बरेच माऊस निकामी होतात, म्हणून तो जपावा. बाण अडखळत असेल तर रिसीव्हर निळ्या यूएसबी खाचेतून काढून काळ्या खाचेत, शक्यतो पुढच्या बाजूला लावा. निळ्या खाचेतील वेगवान यूएसबीमुळे २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरींत व्यत्यय येऊ शकतो.

सेल घातल्यावर माऊस जड होतो का, तेही पाहा. दिवसभर वजन ओढायचे आपल्यालाच आहे. एका खोलीच्या घरात रात्री काम करावे लागत असेल तर आवाज न होणारी बटणे असलेला माऊस घ्यावा. घरच्यांची झोप मोडत नाही.

माऊस आणल्यानंतर

माऊस कीबोर्डला लागून, त्याच उंचीवर ठेवा. कोपर अंगालगत आणि काटकोनात असावे. मनगट टेबलाच्या कडेवर रोवू नका, हात कोपरातून हलवा. सेटिंगमध्ये बाणाचा वेग थोडा वाढवला तर हात कमी फिरवावा लागतो. काचेच्या टेबलावर पुठ्ठा किंवा पॅड टाका. अर्ध्या तासाने एकदा हात सोडून बोटे मोकळी करा.

आणि हे विसरू नका : अंगठा, तर्जनी व मधले बोट बधिर होत असेल, रात्री मुंग्यांनी जाग येत असेल, हातातून कप निसटत असेल, तर मलम चोळत बसू नका. सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात दाखवा. कामगार विम्याचे कार्ड असेल तर विमा रुग्णालयात जा. नस फार काळ दबून राहिली तर अंगठ्याची ताकद कायमची जाऊ शकते. मुलगी ‘हात दुखतो’ म्हणाली, तर ‘बसून तर असतेस’ असे म्हणू नका. तिचा हात हातात घेऊन कुठे दुखते, ते विचारा.