तारण काय देणार?

बँकेत उमेद घालवलेल्या माणसाला एक प्रश्न जन्मभर चिकटून राहतो : तारण काय? निवृत्तीला काही वर्षे झाली, आता दिवस कादंबऱ्या लिहिण्यात जातात. तरी कुणी नवा माणूस भेटला की मन आधी त्याची पत जोखू लागते. हा प्रश्न एकदा माझ्यावरच उलटला, त्याची ही हकिगत.

1986 साली माझी बदली जामखेड परिसरातल्या एका लहान शाखेत झाली. मुलूख अवर्षणाचा. दिवाळी सरली की निम्मी घरे ऊसतोडीला जात. एका दुपारी पाच बायका शेळ्यांसाठी कर्ज मागायला आल्या. पुढारपण करणारी पन्नाशीची, गावची आरोग्य कार्यकर्ती.

‘‘शिक्षण किती?’’ मी विचारले.

‘‘आधी अंगठा होता, आता सही येते.’’

‘‘आणि तारण?’’

ती हसली. ‘‘साहेब, लेकरू आजारी पडलं की गाव ते माझ्या हवाली करतं. त्येला तारण मागत न्हाई कुणी.’’

मी अर्ज बाजूला ठेवला. रात्री मात्र झोप लागेना. रविवारी सायकल काढून तिच्या गावी गेलो.

हापसा दलित वस्तीत होता आणि सगळे गाव तिथे हंडे घेऊन उभे होते. हा योगायोग नव्हता. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दाम्पत्याने 1970 साली जामखेडला काम सुरू केले, तेव्हा लोकांनी डॉक्टर मागितला नाही. पाणी आणि अन्न मागितले. पाठोपाठ 1972चा दुष्काळ आला. विंधनविहिरी घेताना आरोळ्यांनी त्या शक्यतो दलित वस्तीत घेतल्या. वर्षानुवर्षे विहिरीपासून दूर उभे केलेल्यांच्या दारी आता सगळ्यांनाच यावे लागले.

औषधाचेही तसेच. गावानेच आपल्यातली एक बाई निवडायची, तिने जामखेडला जाऊन शिकायचे, परत येऊन गावाला शिकवायचे. अनेक जणी निरक्षर होत्या. वेगवेगळ्या जातींच्या बायका तिथे एकत्र बसत, एकत्र जेवत.

त्या बाईने माझ्यासमोर जुलाबाच्या पोराचे पाणी करून दाखवले : लिटरभर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. ‘‘जुलाबानं लेकरू सुकतं, साहेब. सुकलं की जातं. म्हणून आधी पाणी, मग गोळी.’’ पाणी आणि आरोग्य ही दोन खाती वेगळी नाहीत, हे मला कुठल्याही परिपत्रकाने शिकवले नव्हते. 1971 साली या भागात हजारामागे 176 अर्भके दगावत. 1990च्या दशकात तो आकडा तिशीच्या खाली आला. आरोळे दाम्पत्याला 1979 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण ते आकडे खाली आणले अशा बायकांनी.

सोमवारी मी कर्ज मंजूर केले. तीन वर्षांत एकही हप्ता थकला नाही. याच शाखेत, भरभक्कम तारण घेऊन, माझ्या शिफारशीने दिलेली तीन बड्या घरची कर्जे मात्र थकली. ती नोंद मी कधी कुणाला सांगितली नव्हती, आज सांगतो.

आता 2005पासून गावोगावी ‘आशा’ ताई आहेत, 2019पासून घरोघरी नळ देण्याची योजना आहे. चांगलेच आहे. पण नळ बसवणारा ठेकेदार बिल घेऊन निघून जातो आणि पहिल्या उन्हाळ्यात तोटी कोरडी पडते, असेही मी पाहतो. त्या गावचा हापसा बिघडला की वायसर बदलायला तरुण मंडळातली पोरे संध्याकाळच्या आत हजर होत, कारण तो त्यांचा होता.

मेबलताई 1999 साली गेल्या, डॉक्टर 2011 साली. ती बाईही आता नाही. कुठल्याही योजनेची बातमी वाचली की मी आजही तोच जुना प्रश्न विचारतो : तारण काय? फक्त आता मी सातबारा बघत नाही. हापसा बिघडला तर दुरुस्तीला कोण धावेल, तेवढे बघतो.