एवढासा शब्द, अर्थ किती!

नवरात्रात माहूरगडाच्या पायथ्याशी उभे राहा आणि भोवतालचे बोलणे नुसते ऐका. "आज कितवी माळ?" कोणी विचारतो. "पाचवी." येथे माळ म्हणजे दिवस. घटावर रोज फुलांची एक माळ चढते, म्हणून नवरात्राचे दिवस माळांनी मोजायचे. शेजारच्या दुकानात जपाची माळ टांगलेली असते. गुराखी गुरे घेऊन माळावर गेलेला असतो. एखादे आजोबा सांगतात, "मी तिसाव्या वर्षी माळ घातली," म्हणजे ते वारकरी झाले. आणि मांडवात नवरीने माळ घातली म्हणजे काय झाले, हे सांगायला नकोच! शेवटच्या दोन वाक्यांत शब्द तोच, क्रियापदही तेच. तरी ऐकणाऱ्याचा घोटाळा होत नाही.

पण माळेला न घाबरणारे आपण इंग्रजी शब्दकोशात 'रन' हा तीन अक्षरांचा शब्द काढतो आणि दचकतो. शाळेत असताना माझी समजूत होती की लांबलचक शब्द तेवढे अवघड. प्रकार उलटाच निघाला. 'हिप्पोपोटॅमस' म्हणताना जीभ दमते, पण एकदा पाठ झाला की काम संपले: पाणघोडा. 'रन'चे तसे नाही. इंग्रजीत माणूस 'रन' करतो, नदीही करते, सर्दी झाली की नाकही करते. दुकान चालवणे म्हणजे 'रन', धुताना कपड्याचा रंग उतरून पसरला तर तेही 'रन', आणि क्रिकेटमधली धाव तर तुम्हाला माहीतच आहे.

ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली वीस खंडांत निघाली. तीत 'सेट' या क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ होते आणि सर्वांत लांब नोंद त्याचीच होती. पुढे कोशाच्या सुधारणेचे काम सुरू झाले आणि 'रन'ने 'सेट'ला मागे टाकले. नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ भरले, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. ही एक नोंद तयार करायला कोशकाराला नऊ महिने लागले.

'लागले' हा शब्द आलाच आहे, तर जरा थांबू या. मराठी शिकणाऱ्या एखाद्या इंग्रजाची कल्पना करा. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, झोप लागते. विहिरीला पाणी लागते, वाटेत गाव लागते, परीक्षेचा निकाल लागतो, भावाला नोकरी लागते, भाजी खारट लागते आणि बाळ चालायला लागते. त्या बिचाऱ्याने काय करावे? आपल्याला 'रन' जसा छळतो, तसा त्याला 'लागणे' छळणार.

हे असे का होते? जॉर्ज किंग्जली झिफ या अमेरिकन अभ्यासकाने शब्दांची चक्क मोजदाद केली. त्याला आढळले की बोलण्यात वारंवार येणारे शब्द बहुधा आखूड असतात. शिवाय त्यांना अर्थही जास्त असतात. १९४५ मध्ये त्याने यासाठी एक सूत्र मांडले: शब्दाच्या अर्थांची संख्या ही त्याच्या वापराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे एखादा शब्द दुसऱ्यापेक्षा १०० पट वापरला जात असेल, तर त्याचे अर्थ ढोबळ मानाने १० पट.

यामागचे कारण आपल्या सोयीचे आहे. आखूड शब्द उच्चारायला सोपा, लक्षात ठेवायला सोपा. मग प्रत्येक नव्या गोष्टीसाठी नवा लांब शब्द घडवण्यापेक्षा हाताशी असलेलाच वापरलेला काय वाईट? कोणता अर्थ घ्यायचा, ते शेजारचे शब्द सांगतातच. पिअँटाडोसी, टिली आणि गिब्सन या संशोधकांनी २०१२ मध्ये इंग्रजी, जर्मन व डच शब्द तपासले. आखूड, नेहमीच्या आणि उच्चारायला सोप्या शब्दांवरच अर्थांचा भार जास्त असल्याचे त्यांना दिसले.

मात्र सगळे अर्थ एकाच घरचे नसतात, बरे का! 'सेल' घ्या. जीवशास्त्रात पेशी, विजेच्या पाठात विद्युत घट, तुरुंगात कोठडी. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ लहान खोली. रॉबर्ट हूकला बुचाच्या पातळ कापात सूक्ष्मदर्शकाखाली कप्पे कप्पे दिसले, त्यांना त्याने १६६५ मध्ये हेच नाव दिले. हे एकाच झाडाचे फाटे. 'बॅट'ची गोष्ट निराळी. चेंडू टोलवायची बॅट आणि वटवाघूळ हे दोन वेगळ्या कुळांतले शब्द. काळाच्या ओघात झिजून सारखे दिसू लागले. आपल्याकडे गळ्यातली ती माळ आणि गुरे चरतात तो माळ यांचे लिंगच वेगळे. कोशात अशा शब्दांच्या नोंदी १, २ असे आकडे घालून वेगळ्या दिलेल्या असतात.

यंत्रांनाही या शब्दांनी पुरते जेरीस आणले. संगणकाकडून भाषांतर करून घेण्याचे प्रयत्न सुरू असताना १९६० मध्ये बार-हिलेल या तर्कशास्त्रज्ञाने एक कोडे टाकले. एक मुलगा खेळण्यांची पेटी शोधतो आणि ती त्याला 'पेन'मध्ये सापडते. इंग्रजीत 'पेन' म्हणजे लेखणी, तसेच लहान मुलांना खेळायला ठेवतात ते कुंपणही. पेटी लेखणीत मावणार नाही, हे तुम्ही क्षणात ओळखता. पण यंत्राला ते कोण सांगणार? म्हणून यंत्राकडून अचूक भाषांतर अशक्य, असे त्याचे मत होते. आजची यंत्रे असंख्य वाक्यांतून शब्दाचे शेजारी पाहून अर्थ ठरवतात आणि पुष्कळदा बरोबर ठरतात. पण शेजारीच नसले, नुसती 'सेल' एवढी पाटी असली, तर? भ्रमणध्वनी, विक्री की कोठडी?

आता तुमचे काम. शाळेतला इंग्रजी कोश घ्या. तीन-चार अक्षरांचे दहा शब्द आणि दहाहून अधिक अक्षरांचे दहा शब्द डोळे मिटून निवडा, प्रत्येकाचे अर्थ मोजा आणि आलेख काढा. मग तोच प्रयोग मराठी कोशावर करा. 'ऑक्स', म्हणजे बैल, यासारखे आखूड असूनही एका अर्थावर अडलेले शब्द सापडले, तर ते वगळू नका. बोलण्यात ते किती वेळा येतात, तेही शेजारी लिहा.