उपास मानवणारे पोट

सातपुड्यात आढळणारा भारतीय अजगर एकदा मोठे भक्ष्य गिळल्यावर कित्येक आठवडे काही न खाता राहतो आणि त्याची पचनसंस्था अशा लांब खंडांसाठीच घडलेली आहे. त्याच्या जवळच्या नात्यातील ब्रह्मी अजगरावरील प्रयोगांत असे दिसले की, मोठ्या भक्ष्यानंतर चयापचय, म्हणजे शरीराचा ऊर्जावापर, ४० पटींपर्यंत वाढतो, आतड्यांचे वजन जवळपास दुप्पट होते, हृदयाचा स्नायूही दोन दिवसांत सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो आणि पचन संपल्यावर हे सर्व अवयव पुन्हा आकसतात.

भारतात आढळणारे वन्य साप घरी बाळगणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरते. त्यामुळे जळगाव-धुळ्यातील हौशी पाळणाऱ्याच्या काचपेटीत कायदेशीरपणे असू शकतो तो बॉल पायथनसारखा परदेशी साप, आणि त्याचीही २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंद करावी लागते. नागपंचमीच्या दुधाने नागाला होणाऱ्या अपायाविषयी दर श्रावणात लिहिले जाते, मात्र पाळीव सापाला हौसेने दिल्या जाणाऱ्या जादा उंदराविषयी कोणी फारसे बोलत नाही. निसर्गात पुढचे भक्ष्य केव्हा मिळेल याची शाश्वती नसल्याने साप समोर आलेला उंदीर बहुधा सोडत नाही; पाळणारा यालाच भूक समजतो, आणि एरवी दिवसभर निपचित पडून राहणाऱ्या प्राण्याच्या अंगी जादा खाण्यातली ऊर्जा चरबी होऊन साठते. ही चरबी मुख्यतः शरीराच्या मागील भागात, उदरपोकळीतील लांबट मेदपिंडांत जमते, ते भरल्यावर यकृताच्या पेशींत शिरते आणि यकृत मेदग्रस्त होऊन त्याचे काम मंदावते. लठ्ठ मादीला अंडी घालतानाही अडचण येऊ शकते. एरवी एकमेकांवर चढलेले खवले दूर सरून मधली कातडी दिसू लागणे आणि पाठीच्या कण्याची उंच रेघ बुजून तेथे खळगी पडणे, या खुणा वजनकाट्याआधी डोळ्यांना दिसतात.

खानदेशाच्या हवेत आणखी एक धोका आहे. साप शरीराचे तापमान बाहेरच्या उष्णतेवर राखतो, म्हणून धुळ्यात हिवाळ्यात पारा दहा अंशांखाली उतरला असता पेटीला उबेची सोय नसेल, तर गिळलेला उंदीर पोटातच कुजू लागतो आणि साप तो ओकून टाकतो. ओकल्यावर लगेच पुन्हा खाऊ घालण्याची घाई केली जाते, जी जठराच्या दाह झालेल्या अस्तराला आणखी इजा करते.

लठ्ठ झालेल्या सापाला एकदम उपाशी ठेवण्याऐवजी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने उंदराचा आकार कमी करावा व दोन खाण्यांतील अंतर वाढवत न्यावे लागते. विश्रांतीत असलेल्या सापाचा ऊर्जावापर अत्यल्प असल्याने ही चरबी उतरायला कित्येक महिने लागतात.